चहा आंबत नाही, तांबतो

प्रश्न आला आहे : काळ्या चहाला सुगंध पानं ‘आंबवल्यामुळे’ येतो असं वाचलं, मराठीत ‘आंबवणे’ लिहावं की ‘किण्वन’?

दोन्ही नकोत. इडलीचं पीठ आंबतं, कारण त्यात जिवाणू वाढतात आणि आम्ल तयार होतं. ‘आंबणे’चं मूळच ‘अम्ल’. आसामच्या कारखान्यात पसरलेल्या पानांत यातलं काही घडत नाही, तरी लेखांतून आणि पाकिटांवरून हे आंबवणं हटत नाही.

‘किण्वन’ तर त्याहून चुकीचं. किण्व म्हणजे दारू गाळणाऱ्यांचं विरजण. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात उडीद-तांदळापासून किण्व बांधायची कृती दिली आहे. आत्मा न मानणाऱ्या चार्वाक तत्त्वज्ञांनी तर या शब्दाच्या आधारे आत्माच मोडीत काढला : किण्वादींपासून जशी मादकता उपजते, तसं पृथ्वी, पाणी, तेज, वायू या चार भूतांपासून चैतन्य! इतका नेमका, इतका जुना शब्द, आणि आपण तो यीस्टचं काही कामच नसलेल्या ठिकाणी चिकटवतो.

चहात घडतं ते पानाच्या स्वतःच्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे). लिनॅलूल, जिरॅनिऑल ही सुगंधी द्रव्यं ताज्या पानात बरीचशी साखरेला जखडलेली असतात, त्यामुळे वास हिरवटच येतो. ही जोडद्रव्यं पेशीच्या पोकळीत आणि त्यांना सोडवणारं विकर पेशीभित्तिकेत. पान आधी तासन्‌तास कोमवतात, मग रोलरखाली चुरगाळतात. पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते, साखर तुटते आणि वास मोकळा होतो. दुसरं एक विकर त्याच वेळी हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने पानातल्या कॅटेचिन या रंगहीन द्रव्यांपासून थिआफ्लेविन ही रंगद्रव्यं घडवतं, आणि हिरवं पान तांब्याच्या रंगावर येतं. मग भट्टीची गरम हवा विकरांचं काम थांबवते आणि वर भाजका वास चढवते. हिरव्या चहाचं पान सुरुवातीलाच वाफवतात किंवा कढईत परततात, म्हणून ते तांबूस होत नाही.

म्हणून मी ‘तांबवणे’ म्हणतो. ‘तांबडं फुटलं’ म्हणणाऱ्या भाषेला हे क्रियापद परकं नाही. चिनी लोकही या चहाला काळा म्हणत नाहीत, होंग छा म्हणजे लाल चहा म्हणतात. ‘ऑक्सिडीकरण’ पुरेसं आहे, असं शास्त्रीय परिभाषेचे कैवारी सांगतात. त्यांनी निम्मीच प्रक्रिया पाहिली आहे. साखर तुटून सुगंध सुटतो ते जलअपघटन, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने बंध तुटणं. त्यात ऑक्सिजनचा संबंध नाही. सुगंधाबद्दलच्या वाक्यात नुसतं ऑक्सिडीकरण लिहिणं म्हणजे वासाचं श्रेय रंगाच्या प्रक्रियेला देणं. ‘तांबवणे’ मात्र डोळ्यांना दिसणारी खूण सांगतं आणि रसायनाबद्दल खोटं बोलत नाही.

चीनमधल्या युन्नान प्रांताच्या शू प्यू-अर चहाची पानं ओली करून ढीग घालतात, त्यात बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव आठवडेच्या आठवडे काम करतात. त्या चहाबद्दल लिहिताना ‘आंबवणे’ खुशाल वापरा.