सहापैकी तीनच कार्डं बदलतात. थेट रिअ‍ॅक्ट शिकू का?

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वेबपानावरच्या सहा कार्डांना ‘जुने’ हा क्लास (रूप ठरवणारं नाव) आहे. लूप फिरवून तो काढते आणि ‘नवे’ लावते, पण तीनच कार्डं बदलतात. एररही येत नाही. मैत्रिणी म्हणतात, हे सोड, थेट रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची लायब्ररी शीक. मला फ्रंट-एंडमध्येच नोकरी हवी आहे. काय करू?

उत्तर : रिअ‍ॅक्ट शीक, पण हे कोडं सोडवल्यावर. दुसरं, चौथं आणि सहावं कार्ड तसंच राहतं ना? मग कार्डं शोधायला तू ‘गेटएलिमेंट्सबायक्लासनेम’ वापरलं असणार. त्याची यादी लाइव्ह असते. क्लास निघाला की कार्ड तत्क्षणी यादीबाहेर जातं. शून्य क्रमांकाचं पहिलं कार्ड गेलं, दुसरं सरकून शून्यावर आलं, आणि लूपमधला क्रमांक मोजणारा तुझा ‘आय’ मात्र एकवर पोचला. दुसरं सुटलं. पुढे एकाआड एक तेच होतं. तीन फेऱ्यांनंतर यादीची लांबी 3 आणि ‘आय’ही 3, म्हणून लूप थांबतो. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही, त्यामुळे एरर दाखवणारा कन्सोल गप्प.

‘क्वेरीसिलेक्टरऑल’ वापर. त्याची यादी घेतली तशीच राहते आणि ‘फॉरईच’ तिच्यावर थेट चालतं. क्लासच्या नावाआधी टिंब मात्र हवं. ते राहिलं तर ब्राउझर त्या नावाचा टॅग शोधतो आणि रिकामी यादी देतो, इथेही एररशिवाय. जुनी यादीच ठेवायची असेल तर लूप शेवटून उलटा फिरव.

थेट स्टाइल न लिहिता तू क्लास बदलतेस, हे फार चांगलं आहे. इनलाइन स्टाइल सीएसएस फाइलमधल्या साध्या नियमावर मात करते. पुढे फाइलमध्ये रंग बदललास तरी पानावर दिसणार नाही. रुंदीसारखी मोजून काढलेली किंमत मात्र स्टाइलमधूनच द्यावी लागते. तेव्हा नुसतं 200 चालत नाही, ‘200पीएक्स’ अशी स्ट्रिंग लागते.

आता नोकरीचं. फ्रेशरच्या मुलाखतीत साध्या जावास्क्रिप्टने डॉम (ब्राउझरने ठेवलेली पानावरच्या घटकांची रचना) हाताळायला अनेकदा सांगतात, आणि वर ‘असं का झालं?’ हेही विचारतात. रिअ‍ॅक्टमध्ये डॉमला सहसा हात लावायचा नसतो, तरी यादीवर फिरता फिरता तीच यादी बदलण्याची चूक तिथेही होतेच.

दोन आठवडे रोज तासभर दे. लायब्ररीशिवाय टॅब, शोधून गाळणारी यादी आणि 200 ओळींचं टेबल बनव. टेबलात आधी प्रत्येक फेरीत ‘ऑफसेटहाइट’ (घटकाची उंची) वाचून लगेच उंची लिही. मग सगळ्या उंच्या आधी वाचून घे आणि नंतर लिही. पहिल्या पद्धतीत ब्राउझरला दर फेरीला लेआउट नव्याने मोजावा लागतो. ब्राउझरमधल्या डेव्हटूल्सच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ते स्पष्ट दिसतं. दोन्ही आवृत्त्या, परफॉर्मन्स टॅबचे स्क्रीनशॉट आणि कारणाच्या चार ओळी गिटहबवर टाक, आणि लिंक रेझ्युमेत दे. तिसऱ्या आठवड्यात रिअ‍ॅक्ट उघड.