मॉडेल रॉकेटवर लावलेले डेकल पांढुरके का दिसतात, कडा का उचलतात?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या रॉकेटला मॅट निळा रंग दिला, दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्याखाली बसून पाण्यात भिजवायचे डेकल (कागदावरून सरकवून लावायची पातळ छापील चित्रं) लावले. आता अक्षरांभोवती पांढुरकी झाक आहे, काही कडा वर आल्यात आणि तिरंगा फाटलाय. मीही सोलापूरचाच, म्हणून इथल्या हवापाण्याला धरून सांगतो.

पांढुरकेपणाचं कारण मॅट रंग. मॅट पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागला तरी बारीक खडबडीतच असतो. डेकलची पातळ फिल्म त्या उंचवट्यांवर टेकते, मधल्या खळग्यांत हवा अडकते आणि त्या हवेवरून उजेड उलटा फिरतो. गडद रंगावर ते जास्तच डोळ्यात येतं. म्हणून क्रम असा हवा: रंग, त्यावर चकचकीत क्लिअर कोट (पारदर्शक थर), मग डेकल. तुम्हाला मॅटच आवडत असेल तर मॅट क्लिअर कोट सगळ्यात शेवटी डेकलसकट मारा. मोटारसायकलच्या रंगाच्या दुकानात क्लिअर ग्लॉसचा स्प्रे मिळतो, पण त्यातला लॅकर (पटकन सुकणारं पारदर्शक वार्निश) कधीकधी खालचा एनॅमल (ऑइल पेंट) सुरकुतवतो. आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तोच रंग देऊन त्यावर मारून बघा.

कागदी नळीवर वळत जाणारी जी खाच असते ती रंगाने बुजत नाही आणि डेकलखालून स्पष्ट दिसते. पुढच्या रॉकेटला रंगाआधी पातळ लांबी (पुट्टी) भरा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने कोरडंच घासा. बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) फिनलाही, म्हणजे शेपटीकडच्या पंखांनाही तेच, नाहीतर लाकडाच्या रेषा डेकलवर उमटतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग तासाभरात सुकला असं वाटतं. वरून सुकतो, आतून नाही. नाक जवळ नेऊन बघा: रंगाचा वास येतोय तोवर डेकलला हात लावायचा नाही. एनॅमल असेल तर दोन दिवस सहज लागतात. आणि भर उन्हात गच्चीवर स्प्रे मारू नका, थेंब हवेतच सुकतात आणि नळीवर खरखरीत पूड बसते. पहाटे, वारा सुटायच्या आत मारलेला हात सगळ्यात चांगला बसतो. धूळही कमी असते.

आता पाणी. नळाला काही दिवसांआड येतं म्हणून आपण सर्रास बोअरचं वापरतो, ते जड असतं आणि सुकल्यावर क्षाराचे डाग सोडतं. तुम्हाला दिसणारी थोडी पांढरी झाक त्याचीही असू शकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणा, एक बाटली कित्येक रॉकेटना पुरते.

एका वेळी एकच डेकल कापा. पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवा आणि बाहेर काढून कागदासकट ठेवून द्या. मिनिटभरात खालचा डिंक सुटतो आणि फिल्म बोटाने हलकी सरकते. डेकल पाण्यातच तरंगत सोडलं तर तो डिंक धुऊन जातो, मग कडा उचलणारच. नळीवर आधी पाण्याचा थेंब लावा, डेकल कागदावरून थेट तिथे सरकवा, उचलून नेऊ नका. जागा पक्की झाली की ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी ढकला आणि सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका. हे सगळं पंखा बंद करून. घाम येईल, पण वाऱ्याखाली डिंक सरकवायच्या आत सुकतो आणि मग ओढाताणीत फिल्म फाटते. तुमच्या तिरंग्याचं बहुतेक हेच झालं असावं.

डेकल बसवायची खास द्रावणं ऑनलाइन मिळतात. घाई असेल तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर तेवढंच पाणी घालून वापरा. फिल्म थोडी नरम होते आणि गोलाईवर बसते. किटच्या नावाचं जे जादा डेकल असतं, त्यावर आधी करून बघा.

सरळ ओळ आखायला ॲल्युमिनियमचा एल आकाराचा तुकडा घ्या. नळी त्या कोनात ठेवली की पट्टीच्या कडेने आखलेली पेन्सिलची रेघ नळीच्या अक्षाला समांतरच येते. नळीभोवती गुंडाळायच्या पट्ट्यांना मात्र एक गंमत आहे: रंगाच्या थरांनी व्यास अर्धा मिलिमीटर वाढला तरी परीघ दीड मिलिमीटरने वाढतो. पट्टीची टोकं जुळत नाहीत ती यामुळे. किटला दोष देण्याआधी दोरा गुंडाळून मोजा, आणि फट फिनच्या मागच्या बाजूला येईल अशी सुरुवात करा.

आधीच लावलेली डेकल काढू नका, वाचतील. पांढुरक्या जागी बारीक सुईने टोचे मारा, वरून पातळ व्हिनेगर लावा, ओल्या कापडाने हलकं दाबा. एकदोनदा करावं लागतं. उचललेल्या कडेखाली भरपूर पाणी घातलेला फेव्हिकॉल ब्रशच्या टोकाने सोडा आणि जास्तीचा लगेच टिपा. दिवसभर सुकू द्या, मग क्लिअर कोटचे अगदी पातळ, धुक्यासारखे हात मारा. पहिलाच हात ओलाचिंब मारला तर फिल्म आक्रसते.

राहिला फाटलेला तिरंगा. नुसती अक्षरं असती तर गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या कुठल्याही रेडियमवाल्याने हव्या त्या मापात करून दिली असती. पण चक्राच्या २४ आऱ्या एवढ्याशा आकारात त्याच्या मशीनला कापता येणार नाहीत. त्यामुळे लेझर प्रिंटरसाठीचा डेकल कागद मागवा, आणि तो पांढऱ्या तळाचाच. पारदर्शक कागदावर छापलात तर प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नसल्याने मधला पट्टा निळाच दिसेल. इंकजेटवर छापायचं असेल तर कागद इंकजेटचा घ्या आणि भिजवण्याआधी त्यावर क्लिअर कोट मारा, नाहीतर शाई पाण्यात उतरते. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, म्हणजे १५ मिमी लांब असेल तर १० मिमी उंच. एका पानावर पाच-सहा छापून घ्या, आणि कापताना पांढरी कड जराही राहू देऊ नका.