उताराला न्यूट्रल मारली तर पेट्रोल वाचतंय काय?

प्रश्न: मी महाराष्ट्र हद्दीतल्या शिनोळीचा, रोज बाइकवरनं बेळगावच्या उद्यमबागला कामाला येतोय. पेट्रोल वाढल्यापासनं आमच्या दोस्तांत नुसती चेष्टा चाललीय, एकजण गाडीला 'जावईबापू' म्हणतोय, घरात कुणी जेवो न जेवो आधी तिचं पोट भरायचं. हसतोय खरं महिनाअखेर जड जातंय ओ. उताराला न्यूट्रल करू काय? आणि पेट्रोल कुठं भरू, बेळगावात की महाराष्ट्रात?

उत्तर: दादा, चेष्टा चालू ठेवा, तेवढाच जिवाला आधार. खरं न्यूट्रल अजिबात नको. २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमाच्या) गाड्यांत बहुतेक फ्युएल इंजेक्शन असतंय, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा, गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलेटर सोडला की उताराला पेट्रोल जवळजवळ बंदच होतंय, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतंय, वर सगळा भार ब्रेकवर, पावसात तर लई वाईट. त्यापेक्षा बेळगावातल्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलात की गाडी बंद करा, तिथं अर्धा अर्धा डझन गाड्या भुरभुरत उभ्या असतात, बघून जीव तुटतो. टायरात हवा आठवड्याला बघा, चेन ढिली वाजत असली तर ताणून ऑइल घाला.

पेट्रोल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. कर्नाटकानं जून २०२४ मध्ये विक्रीकर २५.९२ वरनं २९.८४ टक्के केला, लिटरमागं ३ रुपये वाढले, तरी त्या वाढीनंतरही दर महाराष्ट्रापेक्षा कमीच होता. तुम्ही रोज येताच, कामावरनं सुटल्यावर इकडं बेळगावातच भरा. मुद्दाम त्यासाठी फेरी मारू नका.