वाचकांचे प्रश्न : जंतू कोणत्या रुग्णालयातून आला, हे कसे ओळखतात?

प्रश्न : माझ्या वडिलांना तालुक्याच्या रुग्णालयातून शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवले. तेथील कल्चर रिपोर्टमध्ये बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा क्लेबसिएला हा जिवाणू निघाला. वडील आता बरे आहेत. पण जंतू आमच्याकडचा नाही, असे दोन्ही रुग्णालये म्हणतात. जनुकीय तपासणीने याचा उलगडा होतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होतो, पण केवळ आपल्या वडिलांच्या नमुन्यावरून नाही. जिवाणू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, एवढेच कल्चर रिपोर्ट सांगतो. दोन रुग्णांचे रिपोर्ट हुबेहूब जुळले, तरी एकाचा जंतू दुसऱ्याकडे गेला असे त्यावरून ठरत नाही. क्लेबसिएला न्यूमोनिएच्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ५५ लाख रासायनिक अक्षरे असतात आणि वर्षाकाठी त्यांतील मोजकीच बदलतात. म्हणून दोन रुग्णांच्या जिवाणूंत दोन-चार अक्षरांचाच फरक असेल, तर त्यांचा उगम अलीकडचा आणि एकच मानतात. फरक शेकड्यांत असेल, तर थेट संबंध नाही. या तुलनेसाठी दोन्ही रुग्णालयांतील इतर रुग्णांचे त्या काळातले नमुने जपून ठेवलेले असावे लागतात.

अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात जून २०११मध्ये न्यूयॉर्कहून एक रुग्ण आली. तिच्या शरीरात औषधांना दाद न देणारा क्लेबसिएला असल्याचे ठाऊक असल्याने तिला वेगळे ठेवले होते आणि जुलैच्या मध्यास ती घरीही गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच रुग्णात तोच जंतू सापडला आणि वर्ष संपेपर्यंत बाधितांची संख्या १८ झाली. त्यांपैकी ११ जण दगावले. त्यांतील सहा मृत्यू या संसर्गामुळे झाले. जनुकक्रम, म्हणजे या अक्षरांचा क्रम, वाचल्यावर कळले की सगळ्यांचे मूळ त्या पहिल्या रुग्णातच होते आणि तिच्याकडून जंतू तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडला होता. स्वच्छ करून ठेवलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो मिळाला. शिवाय, रुग्ण ज्या क्रमाने बाधित आढळले, त्या क्रमाने त्यांना लागण झालेली नव्हती. कारण हा जंतू कोणतेही लक्षण न दाखवता आतड्यात दीर्घकाळ राहू शकतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत पहिले लक्षण दुसऱ्या रुग्णालयात दिसले, एवढ्यावरून दोष तिकडे जात नाही, आणि पहिल्यावरही टाकता येत नाही.

एका रुग्णालयाबाहेर पडून सबंध परिसराचा माग काढायचा, तर रुग्णाला कोठून कोठे हलवले याच्या नोंदीही तितक्याच लागतात. शिकागो परिसरात २००८मध्ये पसरलेल्या क्लेबसिएलाचे जनुकक्रम पुढे अशा नोंदींशी ताडून पाहिले गेले. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांचा संबंध दीर्घकाळ उपचार देणाऱ्या एकाच रुग्णालयाशी आला होता. युरोपात २०१३-१४मध्ये ३२ देशांतील २४४ रुग्णालयांमधून गोळा केलेल्या नमुन्यांतही जिवाणूचे जवळचे नातलग बहुधा त्याच रुग्णालयात, नाहीतर त्याच देशात सापडले. म्हणून मला वाटते की रुग्ण हलवताना त्याच्या कागदपत्रांत कल्चर रिपोर्ट असलाच पाहिजे आणि अतिदक्षता विभागातून आलेल्या रुग्णाचा गुदद्वाराचा स्वॅब दाखल होतानाच घेतला पाहिजे. तसा स्वॅब त्या दिवशी घेतला असता, तर आपला वाद जनुकक्रमाशिवायही बराचसा मिटला असता.

प्रश्न : जिवाणू वेगळा, पण औषधाला न जुमानण्याचा गुण तोच, असे घडते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : घडते. हा गुण देणारी जनुके पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या छोट्या, वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि प्लास्मिड एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातो. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात २००८मध्ये एनडीएम-१ हे असाच गुण देणारे जनुक प्रथम ओळखले गेले, तेव्हा ते लघवीतील क्लेबसिएलात होते आणि त्याच रुग्णाच्या शौचातील ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जिवाणूमध्येही होते. मुंबईतील डॉक्टरांनीही २०१०मध्ये हे जनुक आपल्या रुग्णांत आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. अशा वेळी केवळ जिवाणूंचे नाते पाहिले, तर दोन रुग्णांचा संबंध नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणाऱ्या यंत्रांमुळे आता प्लास्मिड पूर्ण वाचून त्याचा वेगळा माग काढता येतो.