पेशंटशी बोलणं हे संशोधन कसं?

तासगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी सांगलीत बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे रुग्णकेंद्री आरोग्यसेवेवर, म्हणजे पेशंटची गरज आणि अनुभव मध्यभागी ठेवणाऱ्या सेवेवर, संशोधन करायचं म्हणते. 'पेशंटशी बोलत बसण्याला संशोधन म्हणतात का, आणि त्यावर पोट भरतं का?' असं त्यांनी विचारलं आहे.

सप्रेम नमस्कार.

पोटाचं आधी बोलू. संशोधन सहायकाची नोकरी बहुधा करारावर असते. प्रकल्प संपला की तीही संपते. म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिने आधी करून घ्यावी आणि निदान एक वर्ष वॉर्डात काढावं. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशालाही तो अनुभव लागतो. शिकवायचं असेल तर ती वाट बरी. सार्वजनिक आरोग्याकडे ओढा असेल तर एम.पी.एच. (त्या विषयातली मास्टर्स पदवी); मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते आहे. त्यानंतर नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची झाल्यास 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' हा विषय आहे. एनएबीएच हे गुणवत्तेचं मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांच्या क्वालिटी विभागातही अशा माणसांना काम असतं.

आता बोलत बसण्याविषयी. 'सेवा कशी वाटली?' असं वॉर्डात, सिस्टरसमोर विचारलं तर पेशंट 'लई चांगली' म्हणणारच. अजून इंजेक्शन त्याच हातून घ्यायचं असतं. त्यात पेशंटने तोंड उघडायच्या आत सून किंवा मुलगा उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून मत न विचारता घडलेलं विचारायचं: रात्री हाक मारल्यावर किती वेळाने कुणी आलं? कोणती गोळी कधी बंद करायची, हे घरी जाताना कुणी सांगितलं? तेही डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवसांनी, घरी, आणि ज्याने उपचार केले नाहीत अशा माणसाने.

भाषेचं काम तर खरं किचकट. आपल्याकडचं 'कसंतरी होतंय' म्हणजे मळमळ, चक्कर की घबराट, हे खोदून विचारावं लागतं. इंग्रजी प्रश्नावलीतले 'फटीग' आणि 'वीकनेस' हे दोन वेगळे शब्द मराठीत येताना दोन्ही 'अशक्तपणा' होतात. म्हणून एकाने मराठी केलेली प्रश्नावली मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत करायची, दोन्ही ताडून पाहायच्या, मग पाच-सहा पेशंटांवर चाचपायची. हा टप्पा गाळला की पुढची आकडेमोड फुकट जाते.

तिने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाच हात घालावा. विषय छोटा असू दे: नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्यांना घरी नेमकं काय अडतं? बारा मुलाखती, प्रत्येकी चाळीस मिनिटं, म्हणजे आठ तासांचं रेकॉर्डिंग. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे नुसत्या टंकनाचेच 32 ते 48 तास झाले. इथेच बरेच जण गळतात. (कुणी '384 पेशंट घ्या' म्हणेल. तो आकडा टक्केवारी काढायच्या सर्वेक्षणाचा आहे. मुलाखतींत नवं काही निघेनासं झालं की थांबायचं.)

एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय ना हे पाहणाऱ्या समितीकडे, अर्ज मात्र सगळ्यात आधी. सोबत संमतीपत्र, आणि ते पेशंटला समजेल अशा मराठीत हवं; तुम्हीच वाचून बघा, कुठे अडखळलात तिथे खूण करून द्या. बैठकी रोज होत नाहीत, त्यामुळे मुली घाईने आधी मुलाखती घेतात आणि मंजुरी मागाहून मागतात. ती तशी मिळत नाही, आणि घेतलेलं सगळं बाजूला ठेवावं लागतं.