शोभेच्या अळूच्या दांड्याला फळांचा घोस आलाय. बियांपासून रोपं होतील का? नागपुरात कधी पेरावं?

होतात, पण बी ताजं हवं आणि घोस पूर्ण पिकलेला हवा. आवरण पिवळं पडून फाटलं, आतली फळं बोटाने दाबल्यावर मऊ लागली की तोडा. हिरवं, कडक बी वाया जातं. हातमोजे घाला, रसाने खाज सुटते. फळं पाण्यात कुस्करा, गर निथळून टाका. तळाशी बसलेलं बारीक तपकिरी बी चहाच्या गाळणीत धुऊन त्याच दिवशी पेरा.

चाळलेलं कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी, उथळ ट्रे. बी वर नुसतं भुरभुरायचं, मातीने झाकायचं नाही. उगवायला उजेड लागतो. वर पारदर्शक झाकण, पाणी खालच्या ताटलीतून. २५ ते ३० अंशांत साधारण दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. मग झाकण रोज थोडं उघडत जा. सगळ्यात जास्त रोपं इथेच मरतात: कोंदट हवेत बुरशी येते आणि देठ बुडाशी कुजून रोप आडवं पडतं. दोन-तीन पानं आली की वेगळ्या कुंडीत.

नागपुरात जुलै-ऑगस्ट उत्तम. मे महिन्यात सावलीतही ट्रे करपतो, डिसेंबरच्या थंड रात्रींत बी हलत नाही.

एक मात्र आहे: काळ्या किंवा ठिपकेदार पानांच्या जातीची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. तेच झाड हवं असेल तर कंदाची पिल्लं लावा.