‘मृगजळ परिणाम’ म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न : अतिस्वनातीत (हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपट किंवा जास्त वेगाच्या) क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्याला भोवतीच्या वेगवान हवेमुळे लक्ष्य वेडंवाकडं दिसतं. इंग्रजीत त्याला ‘एरो-ऑप्टिकल इफेक्ट’ म्हणतात. मराठीत ‘मृगजळ परिणाम’ चालेल का?

अर्धामुर्धा चालेल. कारण दोन्हीकडे एकच, अपवर्तन (जुन्या पुस्तकांतलं वक्रीभवन). हवा दाट-विरळ झाली की तिचा अपवर्तनांक बदलतो आणि किरण वाकतो. पण मृगजळात तापलेली जमीन हवेला विरळ करते. इथे वाहनच समोरची हवा दाबत सुटतं. मॅक ५ (ध्वनीच्या पाचपट) या वेगाला नाकासमोरच्या आघात-तरंगामागे (‘शॉक वेव्ह’, दबलेल्या हवेची पातळ भिंतच) घनता एकदम ५ पट होते आणि तिथली हवा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. त्या हवेने कॅमेऱ्यासमोरची खिडकी तापली, की ती स्वतःच अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश फेकू लागते, आणि असे कॅमेरे बहुधा त्याच प्रकाशात पाहतात. म्हणजे पाहायचं ज्यातून, तेच डोळे दिपवतं! हे काही ‘मृगजळा’त मावत नाही.

‘विरूपण’ (डिस्टॉर्शन) हा शब्दही मला पुरेसा वाटत नाही, कारण बिघाड एक नाही. विहिरीत पडलेली कळशी काठावरून तिरपं पाहताना जरा वर आल्यासारखी दिसते आणि गळ भलतीकडे पडतो. तसं लक्ष्य जागेवरून सरकतं. किरण एका अंशाच्या फक्त विसाव्या भागाने वाकला, तरी १० किलोमीटरवर चूक जवळजवळ ९ मीटरची. दुसरा प्रकार फुटाण्यांच्या भट्टीवर दिसतो : वरच्या हवेतून पलीकडे बसलेल्या भट्टीवाल्याचा चेहरा लहरतो. खिडकीलगतच्या खळबळत्या थरातून प्रतिमा तशीच थरथरते, पण इतक्या झरझर की कॅमेऱ्याच्या एका चित्रात ती थरथर न दिसता नुसती कडा फिसकटलेली दिसते.

शास्त्राचं नाव हवं असेल तर ‘वायुप्रकाशिकी’ घ्यावं. ‘वायुगतिकी’ (एरोडायनॅमिक्स) रुळलेलीच आहे, तिच्या शेजारी शोभेल. ‘हवाई प्रकाशिकी’ नको, त्यात विमानातून काढलेल्या फोटोंचा वास येतो (आणि चपलांचा). शब्द घडीव वाटतो म्हणून बिचकू नये. ‘हायपरसॉनिक’ तरी कुठे आभाळातून पडला? १९४६ साली चिनी रॉकेटशास्त्रज्ञ च्येन श्युएसेन यांच्या शोधनिबंधातून तो रूढ झाला.

वाक्यात मात्र साधी क्रियापदंच ठेवा : लक्ष्य सरकलं, थरथरलं, फिसकटलं. ‘प्रतिमेचे विरूपण झाले’ असं लिहिलंत, तर त्यातलं नेमकं काय झालं हे दुरुस्त करणाऱ्याला परत विचारावं लागेल.